चिमटा किती घट्ट लावायचा

नवरात्र उठलं, उन्हाला पुन्हा धार आली, की मला एका बाईची आठवण येते आणि तोंड कडू होतं. तेवीस वर्षांची, उंच अंबाडा घालणारी, भुवया वर चढवून बोलणारी आणि समोरच्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत "हो, म्हणजे त्याचं असं आहे" म्हणणारी बाई. आज ती माझ्या दारात येऊन उभी राहिली, तर मी तिला पाणीसुद्धा विचारणार नाही. पण करता काय? ती मीच होते.

तिला मी बीएस्सी बाई म्हणते. पदार्थविज्ञान घेऊन बीएस्सी, दुसरा वर्ग. बीएस्सी ती सगळ्यांना सांगे, दुसरा वर्ग कोणाला सांगत नसे.

यंदा ती जरा लवकरच उगवली, नातीमुळे. नागपुरात प्रतापनगरातल्या आमच्या गॅलरीत मी गवारीच्या शेंगा निवडत बसले होते, तर नात मोबाइल घेऊन आली. "आजी, हे बघ ना, तिकडे मासे कसे पकडतात." बघते तर एक भलं मोठं सरोवर, त्यात मोटारबोट, आणि बोटीच्या दोन्ही अंगांना पाण्यावरून तिरक्या पळणाऱ्या दोन पिवळ्या फळ्या. गळाची दोरी बोटीपासून लांब नेऊन सोडायला त्या फळ्या. आणि फळीवर एक चिमटा. त्यात गळाची दोरी अडकवायची. मासा लागला, ओढ बसली, की चिमट्यानं दोरी सोडायची आणि मग मासा आणि माणूस यांच्यात दुसरं कोणी नको. तो गोरा माणूस चिमट्याचा स्क्रू फिरवून सांगत होता, की एवढ्या माशाला एवढे आटे, तेवढ्या माशाला तेवढे. हाताचं बोट पाण्यात घातलं नव्हतं पठ्ठ्यानं. टोपीवरची घडीसुद्धा मोडली नव्हती.

मी त्याला लगेच ओळखलं. बीएस्सी बाईच होती ती, मिशा लावलेली.

"आजी, हसतेस काय?" नात म्हणाली.

"अगं, हा चिमटा मी तुझ्या आजोबांच्या गावी लावला होता," मी म्हटलं. तिला वाटलं, आजीची थाप. तिला वाटू दिलं. खरं सांगायचं, तर सगळं सांगावं लागलं असतं.

*

सत्तरच्या आगेमागेची गोष्ट. सासर कन्हान नदीच्या काठी. जमीन काळी, कापूस आणि ज्वारीची, घरापासून नदी बैलबंडीनं अर्ध्या घंट्यावर. माझे सासरे, मी त्यांना मामाजी म्हणे, उभ्या गावात दोन गोष्टींसाठी माहीत होते. एक, त्यांच्या बैलजोडीला कधी काठी लागली नाही. दोन, पाऊस सरला आणि नदीचं पाणी निवळलं, की ते गळ घेऊन काठावर बसत आणि त्यांना हाक मारून उपयोग नसे. त्या पोळ्याच्या आधी त्यांना लकव्यानं गाठलं. उजवा हात, उजवा पाय गेला. जीभ वाचली, पण शब्द एक एक उचलून ठेवल्यासारखा यायचा. सासूबाई आधीच गेलेल्या. आम्ही नवरा-बायको नागपुरात दोन खोल्यांत राहत होतो. ह्यांची नोकरी सरकारी कचेरीत नकाशे काढायची, ती सोडता येत नव्हती. मला नोकरी नव्हती, म्हणून मला सोडता आलं. पोळा ते कार्तिक मी गावी राहायचं ठरलं. हे शनिवारी एसटीच्या मोटारीनं येत आणि सोमवारी पहाटे जात. येताना नागपूरचं वर्तमानपत्र आणत आणि जाताना माझी कीव नेत.

बीएस्सी बाईला गाव म्हणजे अडाण्यांचा बाजार वाटे. तरोट्याचं तण वाळल्याचा तो कडवट वास, काठावर काशीच्या गवताचे पांढरे तुरे, दाणा भरत आलेली ज्वारी आणि तिच्यावर गोफण घेऊन ओरडणारी माणसं, दुपारी नदीच्या ओल्या रेतीतून निघणारी वाफ, हे सगळं तिच्या अंगाला लागून गेलं असणार, नाहीतर मला आज कुठून आठवलं असतं? पण तेव्हा तिनं एकदाही मान वर करून पाहिलं नाही. ती घरी पत्रं लिहायची: "येथे बोलण्याजोगे कोणी नाही." आता वाटतं, तिच्या कानफटात एक द्यायला हवी होती कोणीतरी. पण गावची माणसं सभ्य होती.

मामाजींना आंघोळ गडी घाली, धोतर गडी नेसवी, आणि घास मी भरवी. डावा हात धड होता, पण डाव्या हातानं अन्नाला शिवायचं नाही हे त्यांच्या हाडात होतं. मी म्हणायची, "मामाजी, हात हात असतो, डावा काय न् उजवा काय." ते तोंड मिटून घ्यायचे. उपाशी राहीन म्हणायचे. साठ वर्षांचा, उभ्या हयातीत कोणाचं मिंधं न झालेला माणूस लहान लेकरासारखा आ करून बसायचा आणि मी घास भरवता भरवता विज्ञान सांगायची.

एक दिवस असाच भाकरीचा घास नेला, तर त्यांनी डाव्या हातानं माझं मनगट धरलं.

"बाई," ते म्हणाले, "डाव्या हातानं जेवाले नाई जमत मले. पन मासा काढाले डावा चालते."

"कोणता मासा, मामाजी?"

"कोनताबी. एक. पानी उतराच्या अंदर एक मासा काढाचा हाये मले. माह्या हातानं."

एवढंच. शेतीचं काही नाही, घराचं काही नाही, गेलेल्या हातापायाबद्दलसुद्धा काही नाही. एक मासा, स्वतःच्या हातानं. आणि मुदत नदीनं घातलेली: कार्तिक लागला, की कन्हान आखडायची, धार मधोमध जायची आणि काठाला नुसती रेती. पुढच्या पावसाळ्याची गोष्ट त्यांनी काढली नाही. मीही काढली नाही. ती कोणीच काढत नव्हतं.

*

अडचण अशी, की ते गळ फेकू शकत नव्हते. डाव्या हातानं फेकला, की पायाशी पडे. मासे धारेला; धार काठापासून तीसेक हात.

ह्यांना सीताबर्डीच्या फुटपाथवर कुठल्याशा इंग्रजी मासिकाचा जुना अंक सापडला होता. त्यात या फळीचं चित्र होतं. ह्यांनी देवदाराचं खोकं फोडून फळी कापली, एका बाजूला तासली, खालच्या कडेला शिसं ठोकलं, म्हणजे ती पाण्यात उभी राहील, आणि तांबडा रंग देऊन तिच्यावर स्वतःच्या नावाची आद्याक्षरं काढली. अक्षरं फार सुबक होती. त्या फळीत ह्यांचं लक्ष लागलं ते तेवढंच. पण फळी चालली. लांब दोर बाभळीला बांधून तिला धारेत सोडलं, की पाणी तिला ढकली आणि ती काठापासून तिरकी तिरकी दूर जाऊन मधोमध उभी राही, वाऱ्यावर पतंग राहतो तशी. फळीच्या अलीकडे हातभर अंतरावर दोराला चिमटा. चिमट्यात मामाजींच्या गळाची दोरी. म्हणजे फेकायचं काम फळीनं करायचं.

मामाजींसाठी काठावर खुर्ची ठेवली. तिच्या पायाला दोरीचं कडं, कड्यात बांबूच्या काठीचं बूड, काठीला दोरी गुंडाळायची चरखी. बूड आपोआप धरलं जाई, चरखी डाव्या हातानं फिरे. हे कडं गड्यानं सुचवलं. त्याचं नाव कोणी घेतलं नाही, आणि मीही आत्ताच घेते आहे, तेही न घेतल्यासारखंच.

राहिला चिमटा. "चिमटा माझ्याकडे," बीएस्सी बाई म्हणाली. "हा ताणाचा प्रश्न आहे."

वही काढली तिनं. मुखपृष्ठावर लिहिलं: "चिमटा – निरीक्षणे व निष्कर्ष." निरीक्षणाच्या आधी निष्कर्ष ठरलेले होते, हे सोडा. आधी केसांचा आकडा घेतला. तो दोरी कापू लागला. मग ह्यांनी कचेरीतून फायलीचा मोठा पोलादी चिमटा आणला. सरकारी चिमटाच तो, एकदा धरलेलं सोडायचं त्याला ठाऊकच नव्हतं. शेवटी कपडे वाळत घालायचा लाकडी चिमटा ठरला, तारेच्या स्प्रिंगचा. त्याच्या दोन्ही जबड्यांना सायकलच्या वालट्यूबचे तुकडे चढवले, म्हणजे दोरी चावली जाणार नाही. इथवर ठीक होतं. हे मी आजही ठीक म्हणेन. बाई मूर्ख होती, पण हात वाईट नव्हते.

असल्या चिमट्यात मेख एकच असते: दोरी किती आत घालायची. जबड्याच्या टोकाशी ठेवली, तर फुंकरीनं सुटेल. स्प्रिंगेजवळ सारली, तर हत्तीला सुटणार नाही. मधे कुठंतरी जागा आहे, आणि ती जागा चिमट्यावर खूण करून सापडत नाही. बाईनं खूण केली. अंगणातल्या तारेला चिमटा टांगला, किराणा दुकानातून वजनं मागून आणली, दोरीला बांधून एक एक चढवत गेली. दोनशे ग्रॅमला चिमटा सुटला. तीन वेळा केलं, तिन्ही वेळा दोनशेला. तिनं शाईनं रेघ मारली, वहीत दोनदा अधोरेखित केलं आणि त्या संध्याकाळी ती फार शांत झोपली.

*

नदीवर पहिल्या दिवशी तो चिमटा फळी काठापासून दहा हात जायच्या आत सुटला. फट्. फळी ओढून आणा, दोरी परत लावा, सोडा. फट्. गडी बिचारा कमरेइतक्या पाण्यात उतरून फळी आणतोय, मी लावतेय, फट्. अकरा वेळा मोजलं मी, पुढं मोजलं नाही. मामाजी खुर्चीत बसून पाण्याकडं पाहत होते. माझ्याकडं पाहिलं नाही, ही त्यांची सभ्यता.

पारबताबाई मात्र सभ्य नव्हती. ती मासेमार ढिवरांपैकी, पन्नाशीची, नदीवर जन्म गेलेला. नवऱ्याची जाळी वाळूवर पसरून ती फाटकं विणत बसायची आणि गळासाठी झिंगे तीच द्यायची. ती लांबून म्हणाली, "काय करून राहिली वं मास्तरीन?"

"चिमटा बसवते आहे," मी म्हटलं. मास्तरीण मी नव्हते, पण हुद्दा नाकारला नाही.

"थो तं बसून नाई राहिला."

"दोनशे ग्रॅमला सुटायला पाहिजे. मी मोजलं आहे."

"कायनं मोजलं?"

"वजनानं. घरी."

पारबताबाईनं सुई जाळ्यात खोचली. "अन् पानी?" ती म्हणाली. "पानी ओढत नाई काय दोरीले? पान्याचं वजन घातलं होतं काय वं तागडीत?"

मामाजींच्या डाव्या गालावर काहीतरी हललं. उजवा तर हलतच नव्हता. मला फार राग आला. आज पन्नास वर्षांनी सांगते, तिचं प्रत्येक अक्षर खरं होतं; धारेत तीस हात दोरी असली, की मासा नसतानाच केवढी ओढ बसते, हे पहिलीतल्या पोराला कळेल. बीएस्सी बाईला कळलं नाही, कारण तिच्या अंगणात धार नव्हती.

मग ती सूड उगवल्यासारखी उलट्या टोकाला गेली. दोरी पार आत सारली, स्प्रिंगेला भिडवली. आता फळी डौलात मधोमध गेली आणि उभी राहिली. तासभर. दीड तास. बाईनं वहीत लिहिलं: "प्रयोग यशस्वी." मासा नाही, काही नाही, प्रयोग यशस्वी.

उन्हं कलायला लागली तेव्हा फळी एकाएकी वेडीवाकडी नाचू लागली. एकदा बुडाली, वर आली, धारेच्या उलट सरकली. मामाजींचा डावा हात चरखीवर गेला. पण काठी वाकेना. ओढ त्यांच्यापर्यंत येतच नव्हती. मासा फळीला ओढत होता, फळी दोराला, दोर बाभळीला. नव्या लाकडाचा चिमटा दीड तास पाण्यात फुगला होता आणि आधीच गच्च लावलेली दोरी त्यानं दगडासारखी धरून ठेवली होती. सगळे नुसते पाहत राहिलो. चारदोन मिनिटांत फळी निवांत झाली. ओढून आणली, तर गळाला फाटलेल्या ओठाचा एक तुकडा, बोटाच्या पेराएवढा.

"गेला," मामाजी म्हणाले.

बंडीत बसवताना त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "सोडाले पायजे होतं वं थ्यानं," एवढंच बोलले, चिमट्याबद्दल.

मी वहीत लिहिलं: "लाकडाचा दर्जा सदोष."

*

पुढच्या आठवड्यात सकाळी पाहते तर मामाजींच्या बाजेशी लोटा, आणि लोट्यात चिमटे भिजत घातलेले, चणे घालावे तसे. गड्याला सांगून त्यांनी आदल्या रात्रीच घालून घेतले होते.

"हे काय मामाजी?"

"बंडीचं चाक पान्यात टाकते नं," ते म्हणाले. "काहून टाकते?"

मला ठाऊक नव्हतं. चाकाचं लाकूड पाण्यात फुगतं आणि लोखंडी धाव घट्ट बसते, म्हणून उन्हाळ्यात चाकं डोहात टाकून ठेवतात. माझ्या सासरच्या अंगणात बंडी उभी होती आणि मी तिच्या चाकाला टेकून वहीत लाकडाच्या दर्जाबद्दल लिहीत होते.

"जेवढं फुगाचं हाये तेवढं आधीच फुगू दे," ते म्हणाले. "मंग पाहू."

त्या दिवशी नदीवर त्यांनी चिमटा मागितला. मी दिला नाही. म्हणजे, "मी लावते ना, तुम्हाला एका हातानं कसं जमेल?" असं म्हटलं. त्यांनी डावा हात पुढं करून ठेवला, आणि तो खाली घेतला नाही. मग द्यावा लागला. त्यांनी गळाची दोरी दातात धरली, चिमटा डाव्या मुठीत दाबून उघडला आणि मान हळूच वळवून दोरी त्याच्या जबड्यात ठेवली. पार टोकाशी. गड्याला म्हणाले, "फळी धारेत धर, सोडू नोको." आणि चिमट्यापुढच्या ताणलेल्या दोरीवर त्यांनी एक बोट ठेवलं, नाडी पाहावी तसं. डोळे मिटले. पुन्हा दोरी दातात, पुन्हा चिमटा, आणि दोरी जवाएवढी आत. पुन्हा बोट. तिसऱ्यांदा आणखी अर्धा जव.

"मामाजी, असं अंदाजानं..."

"पान्याले इचारून राहिलो," ते म्हणाले. "थ्याले किती पायजे थे. थ्याच्याहून जरासक जास्त. बस."

मला आता सुई ओवता येत नाही. मी दोरा तोंडात ओला करते, टोक पिळते, सुई उजेडाकडं धरते, आणि तेवढ्यात सूनबाई येते आणि म्हणते, "द्या हो आई, इकडे द्या." दिली नाही, तरी घेते. प्रेमानंच घेते. मनात येतं, ती सुई तिच्याच... पण बोलायचं कोणत्या तोंडानं?

त्या दिवशी फळी उन्हं उतरेपर्यंत मधोमध उभी होती. चिमटा एकदाही आपणहून सुटला नाही. मधे एक लहानसा मासा लागला, तेव्हा अलगद सुटला, काठी थरथरली. मामाजी चरखी दोन फेरे फिरवतात तोवर मासा गळ सोडून पळाला. पण सुटला, हे खरं. पारबताबाई लांबून म्हणाली, "आता बसला चिमटा." मामाजी म्हणाले, "हो वं."

आणि शनिवारी हे आले, तेव्हा बीएस्सी बाईनं काय केलं, ते लिहिताना आजही हात आखडतो. तिनं वही उघडून दाखवली. त्यात नवं पान होतं: "ओल्या लाकडाचा प्रसरण-परिणाम. प्रवाहाच्या ओढीपेक्षा किंचित अधिक ताण. सोबत आकृती." लोट्याचा उल्लेख नाही. दाताचा नाही. हे म्हणाले, "वा! शिकलेली बायको असली म्हणजे असं होतं." मामाजी ओसरीवर बाजेवर पडले होते. ऐकत होते.

*

दिवाळी झाली. नदीनं दोन्ही काठांची रेती उघडी केली. फळी अजून चालत होती, पण पूर्वीसारखी ताठ नव्हती. धारेची ताकद कमी झाली होती आणि मामाजी रोज दोरी पाव जव बाहेर घेत होते. पारबताबाई म्हणाली, "अजून दोन आईतवार. मंग फळी घरी नेऊन चुलीत घाला."

त्या रविवारी हे सोबत होते. बाभळीखाली सतरंजी टाकून वर्तमानपत्र वाचत होते. भाऊबीजेला आमच्या घरी आलेली तीन-चार माणसंही गंमत पाहायला काठावर बसली होती. ऊन असं, की पाण्याकडं पाहवत नव्हतं. आणि मग चिमटा सुटला. तो आवाज मी विसरणार नाही: इतका हलका, की पिकलेलं बोर फांदीवरून तुटावं. फळी मोकळी होऊन हलली, काठी एकदम सरळ झाली आणि दुसऱ्या क्षणाला वाकली, अशी वाकली, की टोक पाण्याला लागलं.

मामाजींचा डावा हात चरखीवर होता. मासा दोरी घेऊन निघाला, त्यांनी जाऊ दिली. अंगठा चरखीवर दाबून, हळूहळू, जाऊ दिली. मग मासा थांबला आणि ते फिरवू लागले. एक फेरा. दम. अर्धा फेरा. दम. कपाळावर घाम, उजवा हात मांडीवर मेल्यासारखा, आणि डोळे... पण बीएस्सी बाई डोळे पाहत नव्हती. ती दोरी पाहत होती. दोरी क्षणभर सैल पडली. "मामाजी, सैल सोडू नका!" ती ओरडली. त्यांनी एक फेरा घातला. पुन्हा सैल. "जाईल! जाईल हो!" आणि पुढं होऊन तिनं काठी कड्यातून उपसली आणि दोन्ही हातांनी खेचली.

दोन्ही हात धड होते तिचे. मासा आला. शिंगाळा होता, लांब मिशांचा, हातभर, पोट चांदीसारखं पांढरं. रेतीवर पडून शेपटी आपटत होता आणि मी गुडघाभर पाण्यात उभी, पदर खोचलेला, अंबाडा सुटलेला, ओरडत होते, "आला! आला!" लोक टाळ्या वाजवत होते. हे वर्तमानपत्र टाकून धावत आले आणि म्हणाले, "पाहा! याला म्हणतात फिजिक्स!" कोणी मामाजींना म्हणालं, "बापूजी, नशीब काढलं, सून अशी भेटली."

मामाजींचा डावा हात अजून चरखीच्या जागी होता. तिथं चरखी नव्हती.

पारबताबाई जवळ आली, माशाकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. "बुढ्याचा मासा होता वं," ती हळू म्हणाली.

"त्यांच्याच घरचा आहे की," मी म्हटलं. आणि मनात म्हटलं, जळते मेली. एवढा मासा तिच्या जाळ्यात महिनाभर आला नसेल.

ती जाळी गोळा करून निघून गेली. जाळी ओली होती, वाळायला वेळ होता.

रात्री भिवापुरी मिरची घालून लालभडक रस्सा केला मी. घरभर वास. पाहुणे जेवले, हे दोनदा जेवले. मी ताट घेऊन मामाजींजवळ बसले, काटे काढले, भाकरीत मऊ मांस गुंडाळलं आणि घास पुढं केला. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मग आ केला.

"कसा झालाय, मामाजी?"

"चांगला हाये," ते म्हणाले. सगळा संपवला. एक घास मागं ठेवला नाही.

पुढचा रविवार आला, पारबताबाईच्या हिशोबानं शेवटचा. गड्यानं बंडी जुंपली. मी फळी काढली, दोर काढला, झिंगे आणवले, आणि मामाजींना म्हटलं, "चला, गडी उचलायला आला आहे."

ते बाजेवर भिंतीकडं तोंड करून होते. वळले नाहीत.

"तूच जाय वं बाई," ते म्हणाले. "तुले जमते."

पंधरा-सोळा वर्षं, माझे स्वतःचे केस पिकायला लागेपर्यंत, मी हे वाक्य लोकांना सांगत होते. अभिमानानं. सासऱ्यांनी दिलेली शाबासकी म्हणून. हळदीकुंकवाला सांगितलं आहे, पुढं शाळेत नोकरी लागली तिथल्या बायकांना सांगितलं आहे, त्यांच्या तेराव्याला आलेल्या पाहुण्यांनासुद्धा सांगितलं आहे. एकानंही मला थांबवलं नाही. माणसं खरंच फार सभ्य असतात.

आणि त्या दिवशी? त्या दिवशी मी गेले. गड्यासोबत बंडीत बसून, उंच अंबाडा घालून, एकटी गेले. खुर्ची न्यायची गरज नव्हती, ती नेली नाही. तीन मासे काढले.